फायनान्स शिकायचं म्हणजे नेमकं काय? सीमाभागातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी माहिती

बारावीचा आणि पीयूसीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोराला फायनान्सला घालायचंय." फायनान्स म्हणजे काय असं पुढं विचारलं की उत्तरं वेगवेगळी येतात. कुणाला बँकेतली खुर्ची दिसते, कुणाला सीएची पाटी, कुणाला शेअर बाजार, तर बऱ्याच जणांना एमबीएच्या जाहिरातीतला टाय लावलेला मुलगा. या सगळ्यांचा फायनान्सशी संबंध आहेच. पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा, खर्च वेगळा आणि लागणारी वर्षंही वेगळी. चुकीच्या रांगेत उभं राहिलं तर दोन-तीन वर्षं आणि काही लाख रुपये जातात, आणि ते बहुधा शेतीच्या किंवा पगाराच्या कर्जातूनच आलेले असतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे कॉमर्स, अकाउंट्स आणि फायनान्स हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले जातात. अकाउंट्समध्ये झालेल्या व्यवहाराची नोंद असते : कुणी किती दिले, किती यायचे, वर्षाअखेर नफा किती. फायनान्सचा प्रश्न पुढच्या काळाचा असतो : हे यंत्र आज घ्यावं का, कर्ज काढून घ्यावं की घरचे पैसे घालावेत, तीन वर्षांनी मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत किती, आणि अंदाज चुकला तर नुकसान कुठपर्यंत जाईल. अकाउंट्स येत नसेल तर फायनान्स जमत नाही, हे खरं. पण टॅली येतं म्हणजे फायनान्स येतं असंही नाही.

विषयात असतं काय?

विद्यापीठ कुठलंही घ्या, फायनान्सच्या पहिल्या पेपरात पैशाचं कालमूल्य येतंच. आज हातात असलेले शंभर रुपये आणि वर्षानं मिळणारे शंभर रुपये सारखे नाहीत, एवढीच कल्पना. पुस्तकात हे सूत्र कोरडं वाटतं, पण ऊस उत्पादकाला ते समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. शंभर टन ऊस आणि हिशेबाला सोपा म्हणून टनाला तीन हजार रुपये धरले तर बिल तीन लाखांचं. मुदतीनंतर चार महिने उशीर झाला तर व्याज होतं पंधरा हजार. ते व्याज किती जणांच्या हातात पडतं हा वेगळा विषय आहे, त्यावर याच पानावर अनेकदा लिहून झालंय. हाच हिशेब उलट्या बाजूनं केला की त्याला डिस्काउंटिंग म्हणतात. वर्षाला १० टक्के दर धरला तर दोन वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत ८२,६४५ रुपये होते. पुढे बाँडची किंमत, शेअरचं मूल्य, नवा प्रकल्प परवडतो की नाही, हे सगळं याच एका हिशेबावर उभं राहतं.

दुसरा मोठा भाग म्हणजे खेळतं भांडवल. बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री घ्या किंवा इचलकरंजीतला यंत्रमाग. कच्चा माल रोखीनं किंवा थोड्या उधारीवर येतो, वीजबिल आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात, आणि माल घेणारी मोठी कंपनी पैसे देते दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात पैसा आणायचा कुठून? लघुउद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवावीत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, तरी उधारी थांबलेली नाही. कागदावर नफ्यात असलेला कारखाना रोख रकमेअभावी बंद पडू शकतो, हे फायनान्सच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत कळलं पाहिजे. आपल्या भागातल्या मुलांना ही गोष्ट वर्गापेक्षा लवकर घरात कळते, आणि मुलाखतीत तीच कामाला येते.

तिसरा भाग जोखमीचा. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये लिहिलेल्या निबंधातून आजचा पोर्टफोलिओचा अभ्यास सुरू झाला. १९९० चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्याबरोबर मिळालं. सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत हे आपली आजीही सांगायची. मार्कोविट्झ यांनी दाखवलं ते यापुढचं : गुंतवणुका किती आहेत यापेक्षा त्या एकाच वेळी पडतात की वेगवेगळ्या वेळी, याला महत्त्व आहे. एखाद्याची नोकरी पतसंस्थेत, मुदत ठेव त्याच पतसंस्थेत आणि शेअरही तिचेच. ठेवी तीन जागी वाटल्यासारख्या दिसतात, पण संस्था अडचणीत आली की तिन्ही एकदम जातात. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेसह, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवींना ते लागू नाही. हे माहीत नसलेले पदवीधर आजही भेटतात.

याशिवाय संख्याशास्त्र, कर, बँका आणि बाजाराचे नियम, कंपनीची भांडवल रचना आणि वरच्या वर्गांत डेरिव्हेटिव्हज हे विषय असतात. ऑप्शनच्या किमतीचं ब्लॅक आणि शोल्स यांचं सूत्र १९७३ चं. तिथं गणित कच्चं असलेला विद्यार्थी अडकतो.

इथं एक सावधगिरी. कॉलेजांच्या आसपास "फायनान्स अकॅडमी" अशा पाट्या लावून ऑप्शन ट्रेडिंगचे क्लास चालतात. हे फायनान्सचं शिक्षण नव्हे. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचं आढळलं. क्लासवाल्याची कमाई तुमच्या फीमधून होते, बाजारातून नव्हे, एवढं ध्यानात ठेवून मग काय ते ठरवावं.

मराठी माणसाला हा विषय नवा नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ चं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ओळखलं जातं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं त्यांनी ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर संशोधन केलं, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनमधला प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपात आला. मधल्या काळात ते सिडनहॅममध्ये शिकवतही होते. शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव महाराजांनीच १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा सुरू केली होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, १९४३ पासूनचे.

अकरावीतच ठरतं, आणि तिथंच चुकतं

पदवीची चर्चा खूप होते, पण दार बंद होतं ते अकरावीत. कर्नाटकात पीयूसी कॉमर्सला विषयांचे गट असतात. मुलं बोलताना "हेबा", "सेबा" म्हणतात. हेबामध्ये इतिहास, अर्थशास्त्र, बिझनेस स्टडीज आणि अकाउंटन्सी. सेबामध्ये इतिहासाच्या जागी संख्याशास्त्र. काही कॉलेजांत बेसिक मॅथ्स किंवा कॉम्प्युटर सायन्स असलेले गटही मिळतात. महाराष्ट्रात हीच निवड गणित की एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, अशी होते. टक्के वाढावेत म्हणून बहुतेक मुलं हेबा किंवा एसपी घेतात, आणि शिक्षकही तोच सल्ला देतात, कारण कॉलेजचा निकाल चांगला लागतो.

फायनान्सला जायचं असेल तर हा सल्ला ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या बी.कॉम.ला गणित नसलं तरी चालतं. सीए फाउंडेशनला मात्र गणित, लॉजिकल रीझनिंग आणि संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. कॅट, सीमॅट, राज्यांच्या सीईटी, बँकांच्या परीक्षा, सगळीकडे आकडेमोड आहे. फायनान्शियल इकॉनॉमिक्ससारख्या पदव्युत्तर कोर्सला तर गणिताशिवाय उभंच राहता येत नाही. बारावीला आठ-दहा टक्के कमी पडले तरी चालतील, पण संख्याशास्त्र किंवा गणित सोडू नये. ज्यांनी आधीच सोडलंय त्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षात ते भरून काढावं. सरकारच्या स्वयम् व्यासपीठावर यासाठीचे कोर्स फी न भरता शिकता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच पैसे पडतात.

पदवी कुठली, कुठल्या राज्यात?

बी.कॉम. हा सगळ्यात स्वस्त रस्ता, आणि आजही तो वाईट नाही. मुंबई विद्यापीठाखाली बीएएफ म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्स, बीबीआय म्हणजे बँकिंग अँड इन्शुरन्स, आणि बीएफएम म्हणजे फायनान्शियल मार्केट्स असे खास बी.कॉम. आहेत. फी जास्त असते, पण विषयांची मांडणी फायनान्सला जवळची. साधं बी.कॉम. करून अकाउंट्स पक्कं केलेला मुलगा आणि नुसत्या नावाला बीएएफ झालेला मुलगा समोरासमोर बसले तर घेणारा पहिल्यालाच घेतो.

बीबीएच्या बाबतीत २०२४-२५ पासून एक बदल झालाय. हा कोर्स एआयसीटीईच्या अखत्यारीत आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी सुरू झाली. निपाणीच्या मुलीला कोल्हापुरात बीबीए करायचं असेल तर पीयूसीच्या वर्षातच त्या सीईटीचा फॉर्म भरायला हवा. बी.कॉम.ला ही भानगड नाही. सीईटीच्या झंझटीमुळे काही कॉलेजांनी जुन्या कोर्सची नावं बदलून ते बी.कॉम.च्या छत्राखाली आणलेत. त्यामुळे प्रवेश घेताना पदवीच्या प्रमाणपत्रावर नाव काय छापून येणार ते लेखी विचारून घ्यावं.

तीन वर्षं की चार, हाही गोंधळ आहे. कर्नाटकानं २०२१-२२ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्सची वाट आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर गेलं. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत त्याच २०२४-२५ पासून नवं धोरण लागू झालं, म्हणजे तीन वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. घाटाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. भारतात एमबीए, सीए किंवा बँकेची परीक्षा करायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. परदेशातल्या काही विद्यापीठांत मास्टर्सला चार वर्षांची अट असते, तिकडं डोळा असेल तरच चौथ्या वर्षाचा विचार करावा.

भाषेचं काय? हा प्रश्न आपल्या वाचकांना सगळ्यात जास्त सतावतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या कॉलेजांत बी.कॉम.चं शिकवणं बरंचसं मराठीतून चालतं आणि मराठी पुस्तकंही मिळतात. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली, जे २०१० मध्ये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून वेगळं झालं, माध्यम इंग्रजी किंवा कन्नड. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिलं सेमिस्टर जड जातं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढच्या सगळ्या परीक्षा बघितल्या तर फायनान्सचं वरचं शिक्षण इंग्रजीतच आहे. सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. त्यामुळे इंग्रजीचा त्रास पहिल्या वर्षी घेतला तर पुढं सोपं जातं, पाचव्या वर्षी घेतला तर महाग पडतो. कल्पना मराठीत समजून घ्यावी, पेपर इंग्रजीत लिहावा, हा मार्ग अनेकांनी निभावून नेलाय.

इतर शहरांतल्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात : गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलमध्ये एम.कॉम.बरोबर फायनान्शियल सर्व्हिसेसचं एमबीए आहे. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयएमएसमध्ये फायनान्शियल अॅडमिनिस्ट्रेशनचं एमबीए आहे, आणि तिथल्याच आयआयएममध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित कोर्स २०११ पासून चालतो. त्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताला मोठं वजन आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं माध्यम पहिल्यापासून इंग्रजी आणि तिथली कॉमर्स फॅकल्टी मोठी. हैदराबाद विद्यापीठ केंद्रीय असल्यानं तिथं कुठल्या राज्याचे आहात याचा अडसर येत नाही. गणित आवडणाऱ्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतलं फायनान्शियल इकॉनॉमिक्सचं एम.एस्सी. जरूर बघावं. १९३० पासूनची ही संस्था आहे.

एमबीए आणि सीमाभागाचा हक्क

एमबीए फायनान्सला जाताना आपल्या भागातल्या मुलांकडे दोन दारं असतात आणि बऱ्याच जणांना दुसरं दार माहीतच नसतं.

पहिलं कर्नाटकाचं. पीजीसीईटी केईए घेते. सरकारी कोट्यातल्या जागेसाठी मुख्य अट अशी, की विद्यार्थी किमान सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला असावा. बेळगावच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला मुलगा ही अट शाळेतच पूर्ण करतो. त्यानं बी.कॉम. कोल्हापुरात केलं म्हणून हा हक्क जात नाही. मात्र शाळेकडून वर्षनिहाय अभ्यासाचा दाखला आणि त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. ही सही शेवटच्या आठवड्यात मिळवायला गेलं की धावपळ होते.

दुसरं दार महाराष्ट्राचं. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, आणि असा उमेदवार महाराष्ट्राचा म्हणून धरला जातो. यात बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी यांसह ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे तो भाग येतो. गाव सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. नमुने त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी जोडलेले असतात, आणि शब्द इकडचा तिकडे झाला तरी पडताळणीत अर्ज अडकतो. ऑनलाइन फॉर्म भरताना नेट कॅफेवाला घाईत "महाराष्ट्राबाहेरचा" असा पर्याय टिचकतो आणि सगळा हक्क तिथंच संपतो. फॉर्म स्वतः समोर बसून भरावा. गोवा, इंदूर, बडोदा किंवा हैदराबादच्या मराठी विद्यार्थ्यांना मात्र ही तरतूद लागू नाही. ते अखिल भारतीय जागांसाठीच अर्ज करतात.

राज्य ओलांडताना बोर्डाचं किंवा विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि नव्या विद्यापीठात पात्रता प्रमाणपत्राची फी वेगळी भरावी लागते. रक्कम छोटी, पण कागद नसेल तर पहिल्या सेमिस्टरचा निकाल राखून ठेवतात.

सीए, सीएमए आणि इतर

सीए हा विद्यापीठाचा कोर्स नाही. ती १९४९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा आहे. तीन टप्पे : फाउंडेशन, इंटर आणि फायनल. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत फाउंडेशनला चार आणि इंटर-फायनलला प्रत्येकी सहा पेपर आहेत, आणि आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आलीय. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच आर्टिकलशिप सुरू होते. बी.कॉम.ला किमान ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं, इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. संस्थेच्या शाखा बेळगाव, कोल्हापूर, सांगली, गोवा, बडोदा, इंदूर, हैदराबाद अशा सगळीकडे आहेत, त्यामुळे फक्त सीएसाठी पुण्या-मुंबईला घर भाड्यानं घेण्याची गरज नाही. आर्टिकलशिपला मोठं शहर मिळालं तर मोठ्या कंपन्यांचं ऑडिट बघायला मिळतं, एवढा फरक. गावातल्या ऑफिसात मात्र मुलगा जीएसटी, इन्कम टॅक्स, सोसायटीचं ऑडिट, सगळंच शिकतो.

यात धोका असा की नापास होण्याचं प्रमाण खूप आहे आणि वर्षं हातातून निसटतात. म्हणून सीए करणाऱ्यानं पदवी सोडू नये. रेग्युलर जमत नसेल तर इग्नूचं बी.कॉम. राज्याच्या सीमा बघत नाही.

सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंट. आपल्याकडे याची चर्चा कमी होते, पण साखर कारखाने, फाउंड्री, कापड गिरण्या असलेल्या पट्ट्यात उत्पादन खर्च काढणारा माणूस लागतोच. सीएस कंपनी कायद्याकडे झुकणारा. सीएफए हा अमेरिकेतल्या संस्थेचा तीन पातळ्यांचा कोर्स आहे, पूर्ण इंग्रजीत, फी डॉलरमध्ये. गुंतवणूक संशोधनाच्याच नोकरीत जायचं पक्कं असेल तर त्याचा उपयोग, नाहीतर ते महागडं ओझं.

आणि एक जुनी, दुर्लक्षित परीक्षा : जीडीसी अँड ए. महाराष्ट्राचं सहकार खातं ती घेतं. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या कामासाठी पदवीधरांना ती उपयोगी पडते, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला ती झेपते. ज्याला कोल्हापूर-सांगली पट्ट्यात राहूनच काम करायचंय त्यानं एमबीएआधी हिचा विचार करायला हरकत नाही.

फीचा हिशेब, फायनान्सच्याच पद्धतीनं

समजा, दोन वर्षांच्या एमबीएची फी वर्षाला पाच लाख आहे आणि पूर्ण फी कर्जातून भरायची आहे. व्याज १० टक्के धरू. शैक्षणिक कर्जात कोर्सचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. पहिल्या पाच लाखांवर तीन वर्षांचं सरळ व्याज दीड लाख. दुसऱ्या पाच लाखांवर दोन वर्षांचं एक लाख. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी कर्ज साडेबारा लाख झालेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे २०,७५० रुपये येतो, आणि एकूण भरले जातात १७ लाख ४३ हजारांच्या आसपास. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर हप्ता सुमारे १६,६०० वर येतो आणि एकूण एक लाख वाचतात.

आता कॉलेजवाले सांगतात तो "सर्वाधिक पॅकेज"चा आकडा बाजूला ठेवा आणि मधल्या विद्यार्थ्याला काय मिळालं ते विचारा. पन्नास जणांच्या वर्गात पंचविसाव्या क्रमांकाच्या पगारातून, पुण्यातलं भाडं आणि जेवण वजा जाता, वीस हजारांचा हप्ता निघतो का? निघत नसेल तर ते कॉलेज परवडत नाही. मधल्या विद्यार्थ्याचा आकडा द्यायला जे कॉलेज टाळाटाळ करतं त्याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळाला तर तारण किंवा जामीनदार लागत नाही, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता नसलेल्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पोर्टलवर बघावं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही योजना लागू होत नाही.

नोकरीच्या फॉर्मवरची भाषा

फायनान्स शिकलेल्या सगळ्यांनाच कॉर्पोरेटमध्ये जायचं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी ६० टक्क्यांनी चालते, आणि दुसऱ्या टप्प्यात फायनान्स अँड मॅनेजमेंटचा पेपर असतो. म्युच्युअल फंड किंवा ब्रोकरकडे काम करायचं तर एनआयएसएमच्या परीक्षा लागतात. ही संस्था सेबीची, रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला तिचं आवार आहे. या परीक्षा पदवी चालू असताना थोड्या फीत देऊन टाकता येतात.

सरकारी बँकांतल्या क्लार्कच्या भरतीत मात्र राज्याच्या भाषेची अट असते, आणि तिथं सीमाभागातल्या मुलांची बाजू उलट बळकट ठरते. आयबीपीएसची क्लार्क परीक्षा मराठी, कन्नड, कोंकणी अशा प्रादेशिक भाषांतूनही देता येते. स्टेट बँकेत ज्या राज्यासाठी अर्ज केला तिथली भाषा दहावी किंवा बारावीला शिकल्याची मार्कशीट दाखवली तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. बेळगावच्या मराठी शाळेतल्या मुलाच्या दहावीच्या मार्कशीटवर मराठी आणि कन्नड दोन्ही असतात. म्हणजे एकाच कागदावर दोन राज्यांच्या जागा खुल्या. अर्ज एका वेळी एकाच राज्यासाठी करता येत असल्यानं त्या वर्षी कुठं जागा जास्त आहेत ते जाहिरातीच्या तक्त्यात बघून राज्य निवडावं, आणि मूळ मार्कशीट कॉलेजात जमा असेल तर पडताळणीच्या तारखेआधी ती सोडवून घ्यावी.